मदत हवी आहे: बॅकग्राउंड वजा केलं की आकडे मायनसमध्ये जातात

फुटकळ_पीएचडी: मायक्रोअ‍ॅरेच्या डेटातून (एका चिपवर हजारो जीन्सची पातळी मोजतात ते) बॅकग्राउंड, म्हणजे स्पॉटभोवतीची फालतू चमक, वजा केलं, लॉग घेतला, तर अर्धी शीट एनएएन (आकडाच नाही). सिनिअर म्हणते मायनसवाली जीन्स उडवून टाक. उडवू का? सोमवारी गाइडना दाखवायचंय. प्लीज लवकर!!

कलिना_कट्टा: चिप कुठली? एक रंग की दोन? घाई आहे तर निदान एवढं तरी लिहायचं.

ठाणे_स्लो: मायक्रोअ‍ॅरे अजून करतं कोणी? सरळ आरएनए-सीक करा, चिपऐवजी आरएनएचं सीक्वेन्सिंग.

फुटकळ_पीएचडी: @ठाणे_स्लो पैसे तुम्ही देताय का? @कलिना दोन रंग, सायथ्री (हिरवा) आणि सायफाइव्ह (लाल). जेनपिक्सच्या, म्हणजे स्कॅनवरून स्पॉट मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइली आहेत.

दादर_टीटी: आरएमए (चिपचा डेटा साफ करायची तयार पद्धत) लावा, विषय संपला. मी कायम तेच वापरतो.

जुना_आरवाला: आरएमए अ‍ॅफिमेट्रिक्सच्या एकरंगी चिपसाठी, इथे काय लावणार? जीन्स मात्र अजिबात उडवू नका. कंट्रोलमध्ये गप्प आणि औषध दिल्यावर जागी झालेली जीन नेमकी याच ढिगात सापडते. आर या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत लिमा पॅकेज घ्या, बॅकग्राउंड करेक्शनला 'नॉर्मेक्स्प' मेथड, ऑफसेट ५०. नॉइज नॉर्मल आणि खरा सिग्नल एक्स्पोनेन्शियल धरून हिशेब होतो, त्यामुळे उत्तर कधीच मायनस येत नाही.

फुटकळ_पीएचडी: ऑफसेट कशाला? उगाच ५० मिळवायचे?

जुना_आरवाला: बॅकग्राउंड २३० धरा. हिरवा २४०, लाल २३२. वजा केल्यावर उरले १० आणि २, म्हणजे निव्वळ कचऱ्यातून पाचपट फरक! ५० मिळवा: ६० आणि ५२. फरक गेला. एमए प्लॉटचा (आडवी सरासरी चमक, उभा दोन रंगांतला फरक) डावीकडचा पिसारा मिटतो तो असा.

दादर_टीटी: आरएमएच्या पोटातही हेच मॉडेल आहे.

जुना_आरवाला: आहे की. मिसमॅच प्रोब (बॅकग्राउंड मोजायला मुद्दाम एक अक्षर चुकवलेला डीएनएचा तुकडा) वजा करायची जुनी पद्धत म्हणूनच तर मागे पडली. २५ अक्षरांतलं १३वं बदललं तरी खरा आरएनए तिथेही चिकटतो. पण धागाकर्त्याकडे मिसमॅच आहेत कुठे?

कलिना_कट्टा: लाल चॅनल फिका आहे का? ओझोनने सायफाइव्ह मरतो. स्कॅनरच्या खोलीत झेरॉक्स मशीन आहे का? तेही ओझोन सोडतं.

फुटकळ_पीएचडी: आहे, पण मी ते विचारलेलं नाही. नॉर्मेक्स्पने एनएएन गेले, थँक्स. एका स्लाइडच्या कोपऱ्यात मात्र बॅकग्राउंड ९०० च्या वर आहे, बाकी सगळीकडे दोनशे-अडीचशे. हे कसं काढू?

जुना_आरवाला: इमेज उघडून बघा, धुताना राहिलेला डाग असणार. तिथले स्पॉट जेनपिक्समध्ये बॅड म्हणून खूण करा, फ्लॅग -१०० पडतो. फाइल वाचताना त्यांना वजन शून्य द्या. कुठलंही करेक्शन डाग धुऊन देत नाही.

ठाणे_स्लो: आरएनए-सीकमध्ये ही कटकटच नसते.

कलिना_कट्टा: नसते? राइबोसोमल आरएनए (पेशीतला बहुतांश आरएनए हाच) नीट काढला नाही तर रीड्स, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे, कुठे जातात ते बघा एकदा. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.