मदत हवी आहे: पाहुण्यांचे फोन नंबर हॅश केले, आता परत कसे मिळवू?

नमस्कार मंडळी,

पेडणे तालुक्यात केरीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पाहुण्यांची वही आई लिहायची. दिवाळीत मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून ती वही संगणकावर आणली. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकतेय, त्यामुळे प्रश्न अगदीच प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या.

माणसं आपला नंबर विश्वासाने देतात, तो उघडा पडू द्यायचा नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. पासवर्ड कधी जसाच्या तसा साठवू नये, हॅश करून, म्हणजे वेगळ्याच ओळीत बदलून ठेवावा, असं वाचलं होतं. पासवर्डला चालतं ते नंबरलाही चालेल असं धरून मी दोन्ही एमडी५ या पद्धतीने हॅश केले.

गेल्या रविवारी एक आजी-आजोबा तेरेखोलची फेरीबोट धरून पुढे गेले. खोली आवरताना उशीखाली आजींचं कानाचं मशीन सापडलं. बाबा म्हणाले, "लगेच फोन लाव त्यांना." नोंद उघडली, तर नंबरच्या रकान्यात ३२ अक्षर-आकड्यांची ओळ! आईने मशीन डबीत कापसावर ठेवलंय आणि दिवसातून दोनदा विचारते, लागला का फोन? आजींना गेले चार दिवस धड ऐकू येत नसेल, हे मनातून जात नाही.

ही ओळ उलटी फिरवायची किल्ली कुठे असते? एन्क्रिप्शन केलं असतं तर नंबर परत मिळाला असता का? आणि तसं असेल तर पासवर्डही एन्क्रिप्टच का करत नाहीत?

प्रतिसाद

ताई, किल्ली सापडत नाही कारण हॅशला किल्ली नसतेच. एन्क्रिप्शनमध्ये मजकूर किल्लीने बंद होतो आणि किल्लीनेच जसाच्या तसा उघडतो. हॅश म्हणजे अंगठ्याचा ठसा. ठशावरून माणूस उभा करता येत नाही, पण माणूस समोर आला की ठसा जुळतो का ते बघता येतं. दहा आकडी नंबर द्या नाहीतर अख्खी कादंबरी, एमडी५ची ओळ ३२चीच येते.

पासवर्डला एवढं पुरतं. तुम्ही लॉगिन करताना टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढायचा आणि साठवलेल्याशी ताडायचा, मूळ पासवर्ड कुणालाच कळायची गरज नाही. तो एन्क्रिप्ट केला, तर किल्ली चोरणाऱ्याला सगळ्यांचे पासवर्ड आयते मिळतील. फोन नंबर मात्र आपल्याला परत वाचायचा असतो, म्हणून तिथे एन्क्रिप्शनच हवं.

आता आजींचं. मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ने, म्हणजे शक्यता ४०० कोटी. एकेका नंबरचा एमडी५ काढून त्या ओळीशी जुळवत जा. साध्या लॅपटॉपलाही काही तासांचं काम आहे. नंबर भरताना आधी +९१ लावला असेल किंवा मध्ये जागा सोडली असेल तर तसंच करून बघा, नाहीतर जुळणार नाही.

पण हेच काम तुमची फाइल चोरणाराही करू शकतो. म्हणजे ते नंबर सुरक्षित नव्हतेच. एमडी५ तर २००४ सालीच मोडलं, दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश काढून दाखवला गेला. पासवर्डसाठी बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ हे हॅश वापरा. ते मुद्दाम संथ असतात आणि प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळं सॉल्ट, म्हणजे आपोआप निवडलेली जादा अक्षरं मिसळतात, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात. नंबरांसाठी पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीतलं फर्नेट हे एन्क्रिप्शनचं साधन घ्या, आत एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत आहे. किल्ली मात्र नोंदींच्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

धागाकर्ती

रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. पहाटे उठून पाहिलं तर पडद्यावर नंबर! आजी वेंगुर्ल्याला लेकीकडे आहेत. फोन आजोबांनी घेतला, "अगो, आम्ही सगळं घर शोधलं" म्हणाले. बाबा आज दुपारी मशीन घेऊन निघतायत. दादा, तुमचे फार उपकार झाले.

आता बाकीचे नंबर असेच सोडवून फर्नेटमध्ये घालते आणि जुनी फाइल पुसते. किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर आईच्या कपाटात ठेवली तर चालेल ना, की आणखी एक कुठे ठेवू?