कॉमिक-कॉनला चाललोय: हॉल एचसाठी रात्रभर रांगेत बसावं का?

प्रेषक: अनघा (अर्व्हाइन)

नमस्कार मंडळी,

यंदा सॅन डिएगो कॉमिक-कॉनचे, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमाच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्याचे, शनिवारचे दोन बॅज (प्रवेशाचे पास) मिळाले, माझा आणि लेकीचा. ती चौदा वर्षांची आहे आणि शाळेतून आली की वही-पेन्सिल घेऊनच बसते. मैत्रिणींकडून ऐकून तिने हॉल एचचा, म्हणजे सिनेमांच्या कार्यक्रमांच्या तिथल्या मोठ्या सभागृहाचा, ध्यास घेतलाय. आदल्या संध्याकाळपासून रांग, रात्र बाहेर उघड्यावर, मग सकाळी नटनट्यांचं दर्शन. तिचे बाबा म्हणतात, पडद्यावर दिसतात तेवढे पुरेत. ती म्हणते, हॉल एच पाहिला नाही तर कॉनला जाऊन काय उपयोग.

आपल्यापैकी कोणी जाऊन आलं असेल तर सांगा ना. गाडी कुठे लावायची तेही.

अनघा

---

प्रेषक: मेधा (ला होया)

अनघा,

बॅज मिळाले याबद्दल आधी अभिनंदन. दारावर तिकीट मिळत नाही. खातं आधीपासून उघडलेलं असावं लागतं आणि विक्रीच्या दिवशी ऑनलाइन रांगेत नंबर कुठे लागेल हे निव्वळ नशिबावर असतं. बॅज घरी आले की जपून ठेव. त्यात चिप असते, आत-बाहेर करताना टेकवावे लागतात आणि ते दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत.

आता हॉल एच. तिथे साधारण ६,५०० माणसं बसतात आणि कॉनला येतात १,३०,०००च्या वर. त्यात एक पॅनेल, म्हणजे व्यासपीठावरचा गप्पांचा कार्यक्रम, संपलं की हॉल रिकामा करत नाहीत. चारच्या पॅनेलसाठी आलेला माणूस सकाळपासून खुर्ची धरून बसतो, त्याला मधल्या पॅनेलांशी काही देणंघेणं नसतं. म्हणून रांग हलत नाही. २०१४ पासून रांगेतल्यांना मनगटाला बांधायचे पट्टे देतात, त्यामुळे गटातल्या काही जणांना रात्री खोलीवर जाऊन झोपता येतं, पण कोणीतरी रांगेत राहायलाच हवं. शनिवार हा तर हॉल एचचा सगळ्यात जड वार. एवढं करून जागा मागे मिळाली, तर व्यासपीठावरची माणसं मोठ्या पडद्यावरच बघायची.

तुझी मुलगी चित्रं काढते हे वाचलं म्हणून हे सगळं लिहायला बसले. तिच्यासाठी कॉनमध्ये जे आहे ते वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत आहे. कॉमिक्स आणि कार्टूनचे लेखक मार्क एव्हनियर गेली कित्येक वर्षं 'क्विक ड्रॉ' नावाचा कार्यक्रम चालवतात. व्यंगचित्रकार व्यासपीठावर बसतात, एव्हनियर त्यांच्यावर एकेक विषय फेकतात आणि ते तिथल्या तिथे काढतात. कॅमेरा कागदावर रोखलेला असतो, त्यामुळे पहिली रेघ कुठून सुरू होते ते अख्ख्या सभागृहाला दिसतं. 'मॅड' मासिकाचे व्यंगचित्रकार सर्जिओ आरागोनेस यांचा हात त्यात चालताना मी पाहिलाय. कच्चं काही नाही, खोडरबर नाही, पेन टेकलं की माणूस उभा. चित्र शिकणाऱ्या पोरीला याहून मोठी शिकवणी कुठली? कार्टूनना आवाज देणाऱ्या कलाकारांचं पॅनेलही एव्हनियरच घेतात. एकच संहिता सगळे मिळून वेगवेगळ्या आवाजांत वाचतात, तेव्हा ओळखीचा आवाज अनोळखी चेहऱ्यातून येतो आणि मुलं टक लावून बघत राहतात.

मग खाली हॉल जीमध्ये आर्टिस्ट्स ॲली. तिथे चित्रकार आपापल्या टेबलाशी बसलेले असतात, गर्दी असली तरी बोलतात. तिला वही घेऊन जायला सांग, भीड न बाळगता दाखवायला सांग. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची अमर चित्रकथेतली चित्रं बघत आपली पिढी वाढली. त्यांच्यासमोर अशी वही धरायला मिळाली असती तर मी काय दिलं नसतं!

कॉनचा जन्मही अशाच भेटीगाठींतून झाला. ऑगस्ट १९७० मध्ये डाउनटाउनच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवस साधारण ३०० माणसं जमली होती आणि पाहुण्यांत कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी आणि विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरी होते. हॉल एच आला २००४ मध्ये. आपल्या मराठी अधिवेशनात मुख्य मंचावर नाटक रंगलेलं असताना शेजारच्या खोलीत वीस जणांत कवितेची बैठक जमते ना, तसंच इथे आहे. मी त्या खोलीतली.

वेळापत्रक कॉनच्या साधारण दोन आठवडे आधी येतं. ते आलं की दोघी बसा आणि तिलाच निवडू दे.

मेधाताई

---

प्रेषक: श्रीरंग (पोवे)

मेधाताई, आदर राखून थोडं वेगळं सांगतो.

हॉल एचला नुसतं नटांचं दर्शन म्हणू नये. २०२३च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या अभिनेत्यांचा संप सुरू झाला आणि इथले तारे कॉनला आलेच नाहीत. त्याच वर्षी गुरुवारी, २० जुलैला, हॉल एचमध्ये 'प्रोजेक्ट के' या तेलुगू चित्रपटाचं पॅनेल झालं. कमल हासन, प्रभास, राणा दग्गुबाती, दिग्दर्शक नाग अश्विन. चित्रपटाचं 'कल्की २८९८ एडी' हे नाव तिथेच जाहीर झालं. मी आत होतो. हैदराबादेत बनलेल्या चित्रपटासाठी तो हॉल उघडलेला बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या तेलुगू आजोबांना कमल हासन यांचे जुने चित्रपट तोंडपाठ होते आणि त्यांची अमेरिकेत वाढलेली नात त्यांना प्रभासबद्दल सांगत होती. दोघांचं ऐकत बसलो. हे लहान खोलीत झालं नसतं.

आणि सिनेमावाले काल आलेले नाहीत. १९७६च्या कॉनमध्ये, एल कोर्टेझ हॉटेलात, 'स्टार वॉर्स'ची माणसं काही स्लाइड्स घेऊन आली होती, चित्रपट लागायच्या आधीच्या वर्षी. न पाहिलेल्या गोष्टीची पहिली झलक हजारो अनोळखी माणसांबरोबर बघणं हेही चाहत्याचंच सुख आहे. चौदाव्या वर्षी ते सुख हवंसं वाटलं तर मला त्यात वावगं दिसत नाही. आत मोबाइल वर करू नका एवढं तिला सांग, दाखवलेल्या दृश्यांचं चित्रीकरण करायला मनाई असते.

रात्रीची रांग सोपी नाही हे ताईंचं मात्र पटतं: रात्र बाहेर काढायचीच तर बरोबर दोन मोठी माणसं हवीत, एकटीने करू नकोस. समुद्राकाठचा गारवा पहाटे अंगात शिरतो.

गाडी नेऊच नकोस. अर्व्हाइनहून पॅसिफिक सर्फलायनर ही रेल्वे थेट सॅन डिएगोच्या सांता फे डेपो स्टेशनला येते, तिथून ट्रॉलीची (शहरातल्या छोट्या रेल्वेची) ग्रीन लाइन कॉन भरतं त्या कन्व्हेन्शन सेंटरसमोर सोडते. सॅन क्लेमेंटेजवळ दरड कोसळून तो रेल्वेमार्ग पूर्वी बंद पडला होता, म्हणून निघायच्या आधी चालू आहे ना बघ.

श्रीरंग

---

प्रेषक: अनघा

मेधाताई, श्रीरंगदादा, खूप आभार. दोन्ही पत्रं लेकीला वाचून दाखवली. क्विक ड्रॉचं ऐकल्यावर तिने तुमचं पत्र पुन्हा मागून घेतलं, ताई. ठरलं असं: रात्रीची रांग नाही. सकाळ वरच्या खोल्यांत, दुपार आर्टिस्ट्स ॲलीत. संध्याकाळी हॉल एचची रांग ओसरली असेल तर जाऊन उभं राहायचं, नाहीतर परतीची गाडी. दादा, तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय की 'प्रोजेक्ट के'च्या दिवशी वाटलेलं काही पोस्टर तुमच्याकडे उरलंय का.

शनिवारी सकाळच्या गाडीने आणखी कोणी निघणार असेल तर कळवा, तिकिटं एकदमच काढू.

अनघा