शब्दचर्चा : ‘कीटकभक्षी’ की ‘मांसाहारी’, आणि ‘संवर्धन’ म्हणजे नेमके काय?

विचारणा (ठाणे)

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील आम्ही नऊ-दहा जण काही वर्षांपासून आपापल्या बाल्कनीत ड्रॉसेरा, घटपर्णी, व्हीनस फ्लायट्रॅप अशा वनस्पती वाढवत आहोत. आता रीतसर नोंदणी करून संस्था स्थापन करावी असे ठरले आहे, पण घोडे नावावरच अडले आहे. ‘सोसायटी’ हा शब्द पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण ठाण्यात सोसायटी म्हटले की पार्किंग, पाण्याची टाकी आणि मेंटेनन्सची थकबाकी एवढेच आठवते. ‘मंडळ’ सर्वांना मान्य आहे. वाद उरला आहे तो असा : या वनस्पतींना कीटकभक्षी म्हणावे, कीटकाहारी म्हणावे की मांसाहारी? शिवाय त्या घरी वाढवणे आणि निसर्गात टिकवणे हे आमचे दोन्ही उद्देश ‘संवर्धन’ या एका शब्दात मावतील का?

‘मांसाहारी’बद्दलचा अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका शाळेच्या सभागृहातील प्रदर्शनात आम्ही ‘मांसाहारी वनस्पती’ असा फलक लावला होता. दुपारी पाहतो तर फ्लायट्रॅपच्या एका पानात कोणीतरी डब्यातला चिकनचा तुकडा सारलेला. पान मिटले, दोन दिवसांत त्याच्या कडा बुळबुळीत झाल्या आणि आठवडाभरात ते काळे पडून गळाले. सारणाऱ्याला तरी बोल कसा लावणार? फलकावर तसेच लिहिले होते.

प्रतिसाद (नेरूळ)

व्याप्तीचा विचार केला तर ‘मांसाहारी’ची बाजू अगदीच लंगडी नाही. १८७५ साली डार्विनने या विषयावरील ग्रंथाच्या शीर्षकात ‘कीटक खाणाऱ्या’ अशाच अर्थाचा इंग्रजी शब्द योजला होता. पुढे त्याची जागा ‘मांस खाणाऱ्या’ या अर्थाच्या शब्दाने घेतली, आणि १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नावातही तोच आहे. त्याला कारण आहे. पाण्यात वाढणाऱ्या युट्रिक्युलेरियाच्या पिशव्या एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्य आत ओढतात, पण ते भक्ष्य बहुधा डाफ्नियासारखे सूक्ष्म कवचधारी जलचर असते, आणि त्याला कीटक म्हणता येत नाही.

तरीही मराठीत ‘मांसाहारी’ हा शब्द खाणावळीच्या पाटीवर इतका पक्का बसला आहे की तो वनस्पतीला लावला की वाचणाऱ्याला रस्साच आठवतो. शब्दाचा कोशातला अर्थ आणि त्याला रोजच्या वापराने चढलेला वास या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि फलकावर नेहमी वासच जिंकतो.

‘कीटकाहारी’ सौम्य वाटतो, पण माझ्या मते तोच अधिक चुकीचा आहे. आहार म्हणजे ज्यावर नित्याचा निर्वाह चालतो ते. या वनस्पती हिरव्या आहेत. आपली साखर त्या सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करतात, आणि निकृष्ट, पाणथळ जमिनीत न मिळणारे नायट्रोजन व फॉस्फरस तेवढे कीटकाकडून घेतात. म्हणजे जेवण घरचेच, बाहेरून आणायचे ते मीठ. ‘भक्षण’ हा शब्द निर्वाहाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त धरून गिळण्याची कृती सांगतो, म्हणून ‘कीटकभक्षी’ कमी दावा करतो आणि कमी चुकतो. शिवाय शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे, हा फायदा लहान नाही.

आता ‘संवर्धन’. त्याचा मूळ अर्थ चांगले वाढवणे. मत्स्यसंवर्धन आणि ऊतिसंवर्धन यांत तोच अर्थ शिल्लक आहे : तळ्यात मासे वाढवणे, काचेच्या बाटलीत पेशी वाढवणे. मात्र ‘किल्ल्यांचे संवर्धन’ किंवा ‘पश्चिम घाटाचे संवर्धन’ म्हणताना कोणी काही वाढवत नाही, आहे ते राखतो. माती आणि पाण्याच्या बाबतीत सरकारी मराठीने ‘मृदसंधारण’, ‘जलसंधारण’ असे शब्द घेतले, तर १९७२ च्या कायद्याच्या नावात ‘वन्यजीव संरक्षण’ आहे. तुमच्या मंडळाच्या बाबतीत ही संदिग्धता केवळ भाषिक राहत नाही. मेघालयातील घटपर्णी, जिचे नाव त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे, कोणी रानातून उपटून कुंडीत लावली, तर तो खुशाल म्हणेल की मी तिचे संवर्धन करतो आहे, आणि जुन्या अर्थाने ते खोटेही ठरणार नाही. म्हणून दोन शब्द घ्यावेत : कुंडीसाठी ‘जोपासना’, रानासाठी ‘जतन’.

प्रतिसाद (डोंबिवली)

वरील मताशी सहमत आहे. एक अवांतर भर घालतो. ‘युट्रिक्युलेरिया’च्या मुळाशी लॅटिनमधील लहान चामडी पिशवी आहे, आणि आपल्याकडे तेलातुपाच्या चामडी भांड्याला ‘बुधला’ म्हणत. माहितीपत्रकात त्या पिशव्यांना ‘बुधल्या’ म्हटल्यास अर्थ नेमका बसेल. कासच्या पठारावर हिच्याच एका जातीला ‘सीतेची आसवे’ म्हणतात. ते नाव देणाऱ्याचे लक्ष निळ्या-जांभळ्या फुलाकडे होते, बुधल्या मातीखाली असल्याने त्याला दिसल्याच नसाव्यात.

मूळ विचारणाऱ्याकडून

आपणा दोघांचे आभार. कालच्या बैठकीत ‘कीटकभक्षी’ आणि ‘जोपासना व जतन’ यांवर एकमत झाले. नाव लांबले अशी तक्रार एका सदस्याने केली, कारण रबरी शिक्का त्यांनाच करून आणायचा आहे. ‘बुधल्या’ पत्रकात घेतल्या आहेत. पुढील प्रदर्शनाच्या फलकावर नावाखाली ‘पानांत काहीही टाकू नये’ अशी दुसरी ओळ येईल. त्या जागी आधी ‘सापळ्यात’ असे लिहिले होते. ते वाचून एका पाहुण्यांनी उंदीर कुठे आहे असे विचारले, म्हणून बदलले.