'ओमियागे'ला मराठीत काय म्हणावे?

अबोली : क्योतोतील एका सुट्टीविषयीचा जपानी लेख मी मराठीत आणत आहे आणि एका शब्दापाशी काम अडले आहे. लेखातील दांपत्य परतीची शिन्कान्सेन ही वेगवान रेल्वे गाठण्यापूर्वी स्थानकातल्या दुकानांतून रमतगमत 'ओमियागे' निवडते, आणि लेखाचा सगळा जीव त्या निवडीतच आहे. 'स्मृतिचिन्हांची खरेदी' असे लिहिले तर मराठी वाचकाला शाल, श्रीफळ आणि सत्कार समारंभ दिसेल. 'भेटवस्तू' म्हणावे तर ती वाढदिवसाचीही असते. ओमियागे म्हणजे परगावी गेलेल्याने त्या गावची म्हणून नावाजलेली, बहुधा खाण्याची वस्तू घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी आणणे. केवळ आठवण म्हणून जपून ठेवायच्या वस्तूला जपानीत 'किनेनहिन' हा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे प्रथा आहे, मग शब्द कसा नाही?

माजघर : शब्द आहे की! 'खाऊ'. सातारा म्हटले की कंदी पेढे, लोणावळा म्हटले की चिक्की, नरसोबाची वाडी म्हटले की कवठाची बर्फी, आणि हे सगळे आणणारा माणूस दारातून आत येताना 'खाऊ आणलाय' असेच म्हणतो.

मी जपानमध्ये काही काळ राहिले असल्यामुळे सांगते की त्या खरेदीची खरी गंमत मोजदादीत आहे. खोक्यावर आत किती नग आहेत आणि ते कोणत्या तारखेपर्यंत चांगले राहतील हे छापलेले असते, प्रत्येक नग स्वतंत्र वेष्टनात असतो, आणि त्यामुळे कचेरीत खाण्याला कोणाचेही बोट न लागता वाटणी होते. दालचिनीचा वास असलेली, लाल घेवड्यासारख्या अझुकीच्या गोड पुरणाची, त्रिकोणी घडीची कच्ची यात्सुहाशी ही क्योतोची मिठाई घ्यायची, तर ती फार दिवस टिकत नाही. मग ती घरच्यांना आणि भाजलेली, कडक यात्सुहाशी दूरच्या नातेवाइकांना, असा हिशेब मनातल्या मनात चालतो. भाव करण्याचा प्रश्नच नसतो आणि पैसेसुद्धा हातात न देता समोरच्या लहानशा तबकात ठेवायचे असतात, त्यामुळे घासाघिशीत जाणारी आपली सगळी हुशारी तिथे निवडीकडे वळते.

टिपकागद : 'खाऊ' हा लहान मुलांच्या तोंडचा शब्द असून तो गंभीर अनुवादात शोभणार नाही. कार्यालयातील वरिष्ठांना कोणी खाऊ देत नाही. संस्कृतात 'उपायन' हा नेमका शब्द उपलब्ध आहे. कोणाकडे जाताना सोबत न्यायची भेट असा त्याचा अर्थ आहे. 'प्रवासोपायन' असा समास केल्यास संदिग्धता उरणार नाही.

माजघर : संदिग्धता उरणार नाही आणि वाचकही उरणार नाही.

गावकूस : दोघांनाही बाजूला ठेवून मी तिसरा शब्द सुचवतो : 'वानवळा'. आमच्याकडे शेतात नवे पीक आले, झाडाला पहिले आंबे लागले किंवा घरी हुरडा झाला की त्यातला थोडा वाटा शेजारी आणि लेकीच्या सासरी पाठवतात, तो वानवळा. आता ओमियागे ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ पाहा. पहिले अक्षर मातीचे किंवा भूमीचे, दुसरे उत्पन्नाचे. म्हणजे 'त्या भूमीत पिकलेले'. याहून चांगली जोडी कोणती मिळणार? शब्दाची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. संक्रांतीला सुवासिनी जे वाण देतात ते 'वायन' या संस्कृत शब्दापासून आले आहे, आणि माझ्या मते वानवळ्यातला 'वान' तोच आहे. टिपकागद यांचे 'उपायन'ही त्याच घराण्यातले असावे, म्हणजे त्यांना माझा शब्द मान्य व्हायला हरकत नाही.

टिपकागद : व्युत्पत्ती अशी कानाला गोड वाटते म्हणून स्वीकारता येत नाही. वाणसामानातला 'वाण' आणि मालाचा नमुना या अर्थाची 'वानगी' यांना आपण वाऱ्यावर सोडले आहे.

नाखवा : माझा आक्षेप व्युत्पत्तीला नसून अर्थाला आहे. वानवळा आपल्या शेतातला असतो, तो विकत घेत नाहीत. लेखातील दांपत्य मात्र परक्या गावातल्या दुकानात पैसे मोजत आहे आणि त्यांना त्याचाच आनंद होत आहे. तो आनंद शब्दातून गेला तर काय उरले? शिवाय ही खरेदी तीर्थयात्रेशी जोडलेली आहे हे विसरू नका. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, गावकरी 'को' नावाची मंडळे करून वर्गणी जमवत, चिठ्ठ्या टाकून काही जणांना इसेच्या देवस्थानाला पाठवत, आणि ते प्रतिनिधी मागे राहिलेल्यांसाठी तिथले ताईत घेऊन परतत. ज्यांच्या पैशावर आपण देव पाहिला त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसे जायचे? आपल्याकडे काशीहून गंगेचा मोहोरबंद गडू आणि काळे गंडे येतात, घरी मावंदे होते, पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे येतात. तोक्योत आसाकुसाच्या सेन्सोजी देवळासमोर नाकामिसे नावाची दुकानांची रांग आहे. तिथे फुलवलेला तांदूळ पाकात घालून वड्या पाडलेली 'कामिनारी ओकोशी' मिळते, आणि ती चाखून कोणाही मराठी माणसाला जत्रेतल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची आठवण येईल. आम्ही मालवणकडचे लोक तर आंगणेवाडीच्या जत्रेहून खाजे घेतल्याशिवाय घरी परतत नाही. मला विचाराल तर शब्द 'प्रसाद' आणि 'खाजे' यांच्या मधे कुठेतरी आहे.

गावकूस : मग 'खाजे' म्हणूनच टाका, सांगलीच्या वाचकाला मालवण लांब आहे.

माजघर : नाखव्यांच्या मुद्द्यात एक भर घालते. सगळीच खरेदी दुसऱ्यांसाठी नसते. उएनो आणि आसाकुसा यांच्यामधल्या काप्पाबाशी रस्त्यावर स्वयंपाकघराच्या सामानाची दुकाने आहेत, आणि तिथे सुरी हातात तोलून पाहताना माणूस नातेवाइकांची यादी पार विसरतो. अशा वस्तूला जपानी लोक हल्ली 'स्वतःसाठी ओमियागे' असे थट्टेने म्हणतात. तिथे 'प्रसाद' कसा चालेल? 'स्वतःला खाऊ' मात्र चालतो.

टिपकागद : सुरीला खाऊ म्हणणे ही भाषेची चेष्टा आहे.

अबोली : सर्वांचे आभार. यादीत मी 'सौगात'ही लिहून ठेवला होता, कारण दुरून आणलेली अपूर्वाईची वस्तू ही छटा त्यात आहे. त्यावर कोणी बोलले नाही.

टिपकागद : तो शब्द फारसीतून आला असून आज हिंदीचा म्हणूनच ओळखला जातो.

नाखवा : 'खरेदी'ही फारसीतूनच आली आहे आणि 'बाजार'ही. ती गाळून हे दांपत्य काय 'क्रय' करणार आहे का? वानवळ्यापेक्षा सौगात बरी, निदान ती प्रवास करून येते.

गावकूस : वानवळाही प्रवास करतो, आमच्या आजीकडून तो एसटीने जात असे आणि वाहकाला त्याचा वाटा मिळत असे. पण आधी एक सांगा : तुमच्याकडे 'वानवळा' म्हणतात की 'वानोळा'? आमच्या तालुक्यात नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा आहे, आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याला अशुद्ध ठरवतात.