मुदतीचा ताप कोणी हटवला: डॉक्टरांनी की गवंड्यांनी?

वाळूचा_थर (धागालेखक)

साथींच्या इतिहासावर बोलणं निघालं की गाडी फिरून फिरून लस आणि प्रतिजैविकांवर येते. देवीच्या बाबतीत ते रास्तच आहे. टायफॉइडचं, म्हणजे मुदतीच्या तापाचं, श्रेय मात्र वैद्यकाच्या खात्यावर जमा करायला माझी हरकत आहे.

सनावळी बघा. एबर्थला जंतू दिसला १८८० मध्ये, गाफ्कीने तो प्रयोगशाळेत वाढवला १८८४ मध्ये. रोग्याला खात्रीने बरं करणारं पहिलं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, हाती आलं १९४८ ला. तोवर युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांतून हा आजार केव्हाच उतरणीला लागला होता. मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स हे गिरण्यांचं गाव मेरिमॅक नदीचं पाणी प्यायचं आणि वरच्या अंगाचं लोवेल त्याच नदीत मैला सोडायचं. १८९३ मध्ये हायरम मिल्स या अभियंत्याने लॉरेन्सला वाळूची गाळणी बांधून घेतली आणि टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने खाली आले. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे इतर कारणांनी होणारे मृत्यूही घटले. हँबुर्गमध्ये रायन्के या आरोग्य अधिकाऱ्यालाही तेच दिसलं. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन पडू लागलं. गावोगावी काम केलं ते वाळूने आणि ब्लीचिंग पावडरीने. आणि पुतळे मात्र सुईवाल्यांचे.

सुई_टोचे

साफ असहमत. आधी घरचा आहेर घ्या: जर्सी सिटीत क्लोरीन घालायला लावणारा जॉन लील पेशाने डॉक्टर होता. रोग्याच्या मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पुढच्या माणसात, हे जंतू सापडण्याआधी वर्षानुवर्षं सांगत राहिलेला ब्रिस्टलचा विल्यम बड, तोही डॉक्टरच.

दुसरं, तुम्ही फक्त शहरं मोजताय. फौज काय गाळणी केंद्र पाठीवर घेऊन चालते? बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैन्यात टायफॉइडचे ५७ हजारांवर रुग्ण झाले आणि ८ हजारांवर मेले. शत्रूच्या गोळीपेक्षा रोगांनी जास्त माणसं नेली. अॅल्मरॉथ राइटची लस १८९६ पासून तयार होती, पण ती ऐच्छिक ठेवली आणि बहुसंख्यांनी घेतलीच नाही. पहिल्या महायुद्धात त्याच सैन्यातल्या बहुतेकांना ती टोचलेली होती. खंदकात चिखल, प्रेतं, उंदीर, सगळं होतं. तरी कितीतरी पटीने मोठ्या सैन्यात टायफॉइडचे बळी बोअर युद्धाच्या मानाने किरकोळ. हे कुठल्या वाळूने केलं?

वाळूचा_थर

सैन्याचंच उदाहरण पुढे नेतो. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी सैन्यात २० हजारांवर टायफॉइडचे रुग्ण आणि दीड हजारावर मृत्यू झाले. लढाईत मेलेले चारशेच्या आत. टायफॉइडने गेलेले बहुतेक तर क्युबाला पोचलेच नव्हते, मायदेशातल्या छावण्यांतच गेले. वॉल्टर रीड या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने चौकशी करून बोट ठेवलं ते उघड्या शौचखड्ड्यांवर, माश्यांवर आणि एकमेकांच्या घाणेरड्या हातांवर. १९११ मध्ये तिथे लस सक्तीची झाली, मान्य. पण त्याच सुमारास छावणीचं पाणी आणि संडासही सुधारले. दोन्ही एकदम बदललं तर श्रेय एकालाच कसं देता?

सुई_टोचे

हाच प्रश्न लॉरेन्सलाही विचारा की! तिथे काय गाळणीखेरीज बाकी जग थांबलं होतं?

आकडेमोड्या

सुईराव नेमकं बोललात. २००५ मध्ये कटलर आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शहरांतल्या मृत्युदरात जी घट झाली, तिच्या जवळपास निम्म्या भागाचं श्रेय स्वच्छ पाण्याला जातं. हा आकडा नंतर जिथे तिथे फिरला. पुढे अँडरसन, चार्ल्स आणि रीस यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, नोंदीतल्या चुका दुरुस्त केल्या, आणि एकूण मृत्युदरावरचा परिणाम पार आक्रसला. गाळणीने टायफॉइड घटला, तान्ही मुलं वाचली, हे टिकलं. 'नळ आला आणि सगळं बदललं' हे टिकलं नाही. मिल्स-रायन्केचं नवल, म्हणजे इतर मृत्यूही घटणं, दोन गावांपुरतं ठीक आहे, त्यावर सबंध इतिहासाचा डोलारा उभारू नका.

वरचं_गाव

नळाच्या आरतीत कोणाचा मैला कोणाच्या दारात गेला ते राहून जातंय. शिकागो आपलं सांडपाणी मिशिगन सरोवरात सोडायचं आणि तेच पाणी प्यायचं. १८९१ मध्ये तिथे लाखामागे १७४ माणसं टायफॉइडने गेली. मग शहराने कालवा खणून १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शिकागोची घाण आता मिसिसिपीच्या दिशेने, म्हणजे सेंट लुइसच्या पिण्याच्या पाण्याकडे निघाली. मिझुरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं. त्यांच्याकडचा टायफॉइड शिकागोच्याच मैल्याने होतो हे सिद्ध झालं नाही, आणि मिझुरीची स्वतःची गावंही त्याच नद्यांत घाण सोडत होती. अभियांत्रिकी अफाट, यात वाद नाही. पण इथे रोग हटवला म्हणायचं की पुढे ढकलला?

चूल_बंद

आणि माणसांचं काय? मेरी मॅलनला शोधून काढणारा जॉर्ज सोपर हा स्वच्छता-अभियंताच, धागालेखकांचा लाडका वर्ग. टायफॉइडचा जंतू अंगात बाळगणारी पण स्वतः ठणठणीत असलेली स्वयंपाकीण, गुन्ह्याचा खटला नाही, शिक्षा नाही, आणि १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ ते १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावर कैदेत. न्यूयॉर्कला पुढे तिच्यासारखे शेकडो निरोगी रोगवाहक माहीत झाले, जन्मभर डांबलं ते हिला एकटीला. बाई, आयरिश, एकटी, तोंडाने फटकळ. साथींचा इतिहास हाही आहे.

सुई_टोचे

ताई, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या वचनावर सोडली होती तिला. १९१५ मध्ये खोटं नाव लावून ती सापडली कुठे, तर प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात. तिथे २५ जणांना लागण झाली, दोघं गेली. त्या दोघांचे हक्क कोणी मोजायचे?

चूल_बंद

वचन घेतलं, पण पोट कशावर भरायचं ते सांगितलं? धुणी धुऊन स्वयंपाकिणीएवढे पैसे मिळत नव्हते. आरोग्य खात्याने तिला एखादा जमेल असा कामधंदा लावून दिला असता तर बेटापेक्षा स्वस्त पडलं असतं. पहिल्या वेळची कैद घाबरून केली असेल, समजू शकते. दुसऱ्या वेळची तेवीस वर्षं हा निव्वळ राग आहे.

शिलालेख

अवांतर: 'टायफॉइडने प्राचीन अथेन्स बुडवलं, तिथला नेता पेरिक्लीस त्यानेच गेला' हे कोणी इथे आणायच्या आत सांगून ठेवतो. २००६ मध्ये तिथल्या सामूहिक दफनातल्या दातांतून टायफॉइडचा डीएनए मिळाल्याचा दावा झाला आणि लगेच त्यावर आक्षेपही आले. टायफॉइड आणि टायफस हे वेगळे आजार आहेत हे १८३७ मध्ये गेरहार्डने आणि १८५० च्या सुमारास विल्यम जेनरने दाखवून दिलं. त्याआधीच्या 'तापाने वारले'मधून हवा तो रोग काढता येतो. १८६१ मध्ये गेलेल्या प्रिन्स अल्बर्टचं (राणी व्हिक्टोरियाचा नवरा) निदान टायफॉइड म्हणून नोंदलंय, त्यावरही आज शंका घेतात. चालू द्या.

वाळूचा_थर

मूळ मुद्द्याकडे येतो. चिलीतलं सँटियागो घ्या. १९८० च्या दशकात तिथल्या शाळकरी मुलांवर तोंडाने घ्यायच्या टायफॉइड लसीच्या मोठ्या चाचण्या झाल्या, फायदाही झाला. पण आजार ठाण मांडून होता, कारण कच्च्या खायच्या भाज्यांना शहराचं सांडपाणी पाजलं जात होतं. १९९१ मध्ये शेजारच्या पेरूतून पटकी आली, सरकारची घाबरगुंडी उडाली, त्या पाण्यावर बंदी आली, आणि टायफॉइड धाडकन कोसळला. पाट बंद केल्यावर.

सुई_टोचे

म्हणजे कारण ठाऊक असूनही पटकी दारात येईपर्यंत पाट चालूच होता. तेवढ्या वर्षांत त्या मुलांनी काय करायचं होतं? २०१६ पासून सिंधमधल्या हैदराबादेत जो टायफॉइड पसरला, त्यावर तोंडाने घ्यायचं अझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायची मोजकी महागडी औषधं सोडली तर काहीच चालेना. तिथलं पाणी आणि मैला एकमेकांत मिसळतात हे सर्वांना कळत होतं. नवे नळ टाकायला एक पिढी जाते. पाकिस्तानने २०१९ मध्ये नवी संयुग्म लस (जंतूच्या कवचातल्या साखरेला प्रथिन जोडून केलेली) नियमित लसीकरणात आणली, असं करणारा तो पहिला देश. नऊ महिन्यांच्या बाळालाही ती टोचता येते. नळाची वाट बघायला बाळ जिवंत तर हवं.

वाळूचा_थर

द्या की लस, कोण नको म्हणतंय? पण त्याच नळातून पॅराटायफॉइड, पटकी आणि कावीळही येते, आणि ही लस त्यातलं एकही अडवत नाही. टोचून झालं म्हणून नळाचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलला गेला, तर तुमचं बाळ टायफॉइडमधून सुटून कावीळीत सापडेल. ते कोणत्या खात्यावर लिहायचं ते सांगा.