लघवीवर ताबा नसलेल्या वृद्धांच्या त्वचेची निगा

प्रश्न
माझ्या सासूबाईंचा (वय ७८) पक्षाघातानंतर लघवीवर ताबा राहिलेला नाही, त्यामुळे दिवसरात्र डायपर लावावा लागतो. काही आठवड्यांपासून त्यांची जांघ आणि नितंब लाल होऊन आग होते. सांभाळायला येणाऱ्या मावशी प्रत्येक वेळी साबण व जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुऊन, घासून पुसून वर भरपूर पावडर लावतात, तरीही त्रास वाढतोच आहे. लघवी कमी व्हावी म्हणून संध्याकाळनंतर आम्ही त्यांना पाणीही देत नाही. यात काय बदलावे?

प्रतिसाद १
मी परिचारिका आहे. आपल्याकडे स्वच्छता कमी पडत नसून तिचा अतिरेक होतो आहे, असे मला वाटते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ही आम्लताच तिचे संरक्षण करते. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि ती आम्लता घटते. त्यातच नेहमीचा साबण अल्कधर्मी, म्हणजे उरलेसुरले संरक्षणही धुऊन जाते. साबण आणि जंतुनाशक दोन्ही थांबवा. साध्या कोमट पाण्याने किंवा आम्लता राखणाऱ्या सौम्य क्लिन्झरने धुऊन मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्या आणि मग ओलावा त्वचेपर्यंत पोहोचू न देणारे झिंक ऑक्साइडचे किंवा डायमेथिकोनचे (एक प्रकारचे सिलिकॉन) मलम लावा. पेट्रोलियम जेली चालते, पण तिचा जाड थर डायपरला चिकटला की डायपर लघवी शोषत नाही, म्हणून पातळच लावावी. झिंकचे मलम दर वेळी खरवडून काढू नये. वरचा मळलेला थर तेवढा पुसावा. पावडर मात्र ओलाव्यात गोळा होऊन घड्यांमध्ये घासते, ती बंदच करा.

शौचाने डायपर खराब झाला असेल तर क्षणभरही थांबू नका, कारण मलातील पाचकरसांनी त्वचा लघवीपेक्षा लवकर सोलवटते.

प्रतिसाद २
पाणी तोडू नये. लघवी दाट झाली की मूत्राशयाला अधिक टोचते आणि बद्धकोष्ठता झाली तर गळती आणखी वाढते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसल्यास पाणी दिवसभरात विभागून द्यावे आणि केवळ झोपण्यापूर्वीचे थोडे कमी करावे. माझ्या वडिलांना आम्ही दुपारी डायपर काढून अंडरपॅडवर (अंगाखाली अंथरायचे, ओलावा शोषणारे पॅड) मोकळे झोपवत असू. चादरीखाली मेणकापड असले तरी ते अंगाला लागू देऊ नये, कारण त्याने घाम कोंडतो.

प्रतिसाद ३
लाल भागाच्या कडेला सुटे बारीक पुरळ किंवा पुळ्या दिसत असतील तर बुरशीचा संसर्ग संभवतो, आणि त्यावर झिंक पुरत नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालणारे’ मिश्र मलम आणण्याचा मोह होतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, ज्याने वृद्धांची मुळातच नाजूक त्वचा आणखी पातळ होते. डॉक्टरांना दाखवूनच औषध घ्यावे. माकडहाडावर किंवा टाचेवर बोटाने दाबूनही न मावळणारी लाली असेल, तर ती दाबामुळे होणाऱ्या शय्याव्रणाची सुरुवात असू शकते; तिथे मलमापेक्षा कूस बदलत राहणे महत्त्वाचे.