मदत हवी आहे: आयटीआय इलेक्ट्रिशियन, जर्मनीत कायमचं जायचंय, कोणता मार्ग धरावा?

पायवाट

नमस्कार मंडळी. आधी माहिती देतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. वय ३१. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा ट्रेड, केंद्राच्या एनसीव्हीटी परिषदेचं प्रमाणपत्र. त्यानंतर सलग सात वर्षं कारखान्यात मेंटेनन्स: पॅनेल, मोटर, ड्राइव्ह, थोडंफार पीएलसी (मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर). जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय, पुढच्या बी१चा क्लास चालू आहे. इंग्रजी कामापुरतं. बचत साडेसहा लाख.

एक एजंट साडेचार लाख मागतोय. शान्सनकार्टे, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी कार्ड (किमान सहा गुण भरले तर जर्मनीत जाऊन नोकरी शोधायचा परवाना), काढून देतो आणि तिथे उतरल्यावर महिन्याभरात नोकरी नक्की, असं म्हणतो. माझे गुण सहा भरतात का? भरले तर ह्या मार्गाने जावं का? की दुसरा मार्ग आहे?

रेखांश

गुण भरतात, पण काठावर. ३५ वर्षांपर्यंत वयाचे २, गेल्या सात वर्षांत त्याच कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असल्याचे ३, जर्मन ए२चा १. झाले सहा. बी१ झालं की भाषेचे २ होतात, म्हणजे सात. टंचाई असलेल्या व्यवसायाचा एक गुण काही जण इलेक्ट्रिशियनलाही धरतात, तो धरू नका. त्या यादीत इंजिनिअर, आयटी, डॉक्टर, नर्स, शिक्षक असे गट आहेत. जर्मनीत इलेक्ट्रिशियन कमी आहेत हे खरं, पण ह्या यादीत ते नाहीत.

गुण मोजायच्या आधीची अट म्हणजे किमान दोन वर्षांचं, भारतात सरकारमान्य प्रशिक्षण. तुमचा ट्रेड दोन वर्षांचा असल्याने तुम्ही बसता. एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केलेला माणूस कितीही अनुभवी असला तरी इथेच अडतो. दोन वर्षं आणि सरकारमान्यता ह्या दोन्हींची खात्री बॉनमधलं त्सेडआबे हे कार्यालय देतं. अर्ज ऑनलाइन होतो.

आता पैसे. कार्डासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२५ साली हा आकडा महिन्याला १,०९१ युरो होता, म्हणजे वर्षाचे १३,०९२ ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं). युरो शंभर रुपये धरला तरी तेरा लाख. तुमच्याकडे साडेसहा आहेत, त्यातले साडेचार एजंट मागतोय. उरलेली रक्कम कर्जाने उभी करायला सांगणार असेल तर तिथेच थांबा.

खरी अडचण मात्र कार्ड मिळाल्यानंतरची आहे आणि तिच्याबद्दल एजंट बोलत नाहीत. कार्ड सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाचं. त्यावर आठवड्याला सरासरी २० तास कोणतंही काम चालतं, आणि कायमच्या नोकरीच्या दृष्टीने एका मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी काम करता येतं. पूर्ण वेळ नोकरी मिळाली की परवाना बदलावा लागतो, आणि त्याच्या अटी वेगळ्या. तुमच्या प्रमाणपत्राला जर्मन मान्यता नसेल तर अनुभवावर मिळणाऱ्या परवान्याला २०२५ साली वर्षाला ४३,४७० युरो पगार लागत होता, म्हणजे महिन्याला ३,६०० च्या वर. मालक कामगार संघटनेच्या वेतनकराराने बांधलेला असेल आणि त्यानुसार पगार देत असेल तरच ही मर्यादा लागत नाही. नवीन माणसाला छोट्या कंपनीत एवढा पगार सहसा मिळत नाही. मग हातात नोकरीचा करार आहे आणि परवाना मिळत नाही, अशी कोंडी होऊ शकते. म्हणून माझं मत: ह्या कार्डाने जायचं तर आधी मान्यतेचा अर्ज, मग व्हिसा.

जुनी_वही

मान्यतेबद्दल लिहिते, कारण बहुतेक अर्ज कागदांपाशीच रखडतात.

सगळ्यात आधी कोणत्या जर्मन व्यवसायाशी तुलना मागायची ते ठरवा. त्यांच्याकडे इलेक्ट्रिशियन हा एक व्यवसाय नाही. कारखान्यातलं मेंटेनन्स म्हणजे ‘एलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेक्निक’. त्याचा अर्ज न्युर्नबर्गच्या आयएचके फोसाकडे, म्हणजे परदेशी प्रमाणपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाकडे, जातो. घरांचं वायरिंग हा वेगळा व्यवसाय, तो कारागिरांच्या चेंबरकडे, म्हणजे हांडवेर्क्सकामरकडे. तुमचा सगळा अनुभव कारखान्याचा आहे, तेव्हा पहिलाच निवडा. चुकीचा निवडला तर सात वर्षांचा अनुभव मोजायला काही उरत नाही.

आयएचके फोसाची फी १०० ते ६०० युरो. कागद पूर्ण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत निर्णय येतो. जर्मन प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, तुमचं दोन, म्हणून बहुधा अंशतः मान्यता येईल. त्याने खचू नका, तीच मोलाची आहे. तिचे शान्सनकार्टेत ४ गुण मिळतात. शिवाय उरलेला भाग तिथे जाऊन पूर्ण करायचा व्हिसाही आहे.

राहिलेली दीड वर्षं अनुभवाने भरून निघू शकतात, पण तो अनुभव कागदावर दिसला पाहिजे. ‘सदर कर्मचारी अमुक ते अमुक काळ कामावर होता, वर्तणूक चांगली’ असल्या दोन ओळींच्या पत्राचा काहीही उपयोग नाही. पत्रात हे हवं: आठवड्याचे तास, पद, कोणत्या वर्षी कोणत्या विभागात, आणि प्रत्यक्ष कामं. किती व्होल्टची पॅनेल, किती किलोवॅटच्या मोटर, कोणते ड्राइव्ह, पीएलसीवर फक्त दोष शोधत होता की प्रोग्रॅममध्ये बदलही करत होता, मेगरने इन्सुलेशन टेस्ट, अर्थ रेझिस्टन्सची मापनं. मजकूर स्वतः तयार करून एचआरकडे न्या, त्यांना तो लिहिता येत नाही. सोबत पीएफचं पासबुक जोडा, तारखा पक्क्या होतात. आयटीआयच्या प्रमाणपत्राबरोबर गुणपत्रिका आणि तुमच्या वर्षाचा तासांसकट अभ्यासक्रमही द्या.

नावाचं आजच बघा. दहावीच्या कागदावर आडनाव आधी, आयटीआयवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर तिसराच क्रम, हे आपल्याकडे घरोघरी असतं. एखादं अक्षर जरी वेगळं असेल तरी अर्जाआधी दुरुस्ती करा किंवा प्रतिज्ञापत्र करून त्याचाही अनुवाद जोडा.

तारायंत्र

मुलाखतीची तयारी सांगतो. पाच सुरक्षा नियम ह्याच क्रमाने, जर्मनमध्ये, न अडखळता यायला हवेत: पुरवठा तोडणे, तो पुन्हा चालू होणार नाही असा बंदोबस्त करणे, व्होल्टेज नाही हे तपासणे, अर्थ करून शॉर्ट करणे, शेजारचे चालू भाग झाकणे. पहिला शब्द ‘फ्रायशाल्टन’, तिथून पाठ करा. दुसऱ्या पायरीला कुलूप आणि फलक दोन्ही सांगा. तिसऱ्या पायरीला दोन टोकांचा टेस्टर म्हणा. टेस्टर स्क्रूड्रायव्हरचं नाव काढलंत तर समोरचा माणूस तिथेच ओळखतो.

रंग: तपकिरी, काळा, राखाडी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. १९६५ च्या आधीच्या जर्मन वायरिंगमध्ये लाल तार ही अर्थ असते आणि राखाडी न्यूट्रल. आपला हात लाल म्हणजे फेज ह्या सवयीचा. जुन्या इमारतीत रंगावर विश्वास नाही, प्रत्येक तार मोजायची.

पायवाट

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. म्हणजे कार्ड घेऊन तिकडे नोकरी शोधण्यापेक्षा इथूनच मालक शोधलेला बरा. पण ए२ जर्मनवर इथे बसून कुणी उत्तर देईल का? आणि महाराष्ट्र सरकारचा जर्मनीशी करार झालाय म्हणतात, त्याचा फायदा होईल का?

रेखांश

तो करार २०२४ साली बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी झाला. सरकारी योजनेत नाव नोंदवता येत असेल तर जरूर नोंदवा. मात्र व्हिसाचे नियम बर्लिनच्या केंद्र सरकारचे आहेत, त्यामुळे भाषा, प्रमाणपत्र आणि नोकरी ह्या अटी करारामुळे सुटत नाहीत.

ए२ वर तुमच्यासाठी एक मार्ग आत्ता उघडा आहे: आनएरकेनुंग्सपार्टनरशाफ्ट, मान्यता-भागीदारी म्हणा. मार्च २०२४ पासून लागू. दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, त्सेडआबेची खात्री, ए२ जर्मन आणि नोकरीचा करार एवढं लागतं. पहिल्या दिवसापासून पगारी काम, आणि मान्यतेचा अर्ज तिथे गेल्यावर मालकाबरोबर करायचा. एकूण तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते. ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, कारण पगार आहे. साडेसहा लाखांच्या बचतीत बसणारा मार्ग हाच.

मालक शोधताना बुंडेसआगेंटूरच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोजगार संस्थेच्या, जॉब पोर्टलवर जुनी_वहीने वर दिलेलं जर्मन व्यवसायाचं नाव जसंच्या तसं टाका, ‘इलेक्ट्रिशियन’ नको. पन्नास ते दोनशे माणसांच्या, छोट्या गावांतल्या कंपन्या बघा. मोठ्या शहरांत अर्जांचा ढीग असतो. लेबन्सलाऊफ, म्हणजे बायोडेटा, दोन पानांचा, सगळ्यात अलीकडची नोकरी वर, महिना आणि वर्ष दोन्ही, मध्ये रिकामी जागा नाही. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये. अर्जात मान्यता-भागीदारीचं नाव लिहा आणि मालकाने काय करायचं ते चार ओळींत सांगा. छोट्या कंपनीला हा नियम माहीत नसतो आणि अनोळखी कागदपत्रांच्या भीतीने ती गप्प बसते. मालक तयार झाला की त्याला वेगवान प्रक्रिया सुचवा. ४११ युरो फी भरून तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करतो, मंजुरीचं पत्र आलं की वकिलातीची वेळ तीन आठवड्यांत मिळते आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत निर्णय.

बी१ सोडू नका. व्हिसाला ए२ पुरतं, पण फोरमन दहा मिनिटं बिघाड समजावतो तेव्हा बी१ही कमी पडतं.

एजंटबद्दल: परदेशी नोकरी लावणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं. साडेचार लाख हा आकडा नियमात कुठेच बसत नाही. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे दिली असतील तर आधी परत घ्या.

जुनी_वही

तिकडे गेल्यावरचं थोडं. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंद, आनमेल्डुंग, करायची असते. त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. खोली घेतानाच विचारा, फॉर्म देत नसेल तर ती खोली घेऊ नका. भाड्याचे आकडे दोन असतात, काल्ट आणि वार्म, पैकी वार्ममध्ये हीटिंग आणि इतर खर्च धरलेले असतात. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी.

पगाराचा हिशेब हातात येणाऱ्या रकमेवर करा. एकट्या माणसाला ३,००० युरोतले साधारण २,०५० ते २,१०० मिळतात. बाकी कर, आरोग्य विमा, पेन्शन वगैरे.

आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा, पासपोर्टवर आहे तसंच. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. कर क्रमांक टपालानेच येतो, आणि तो मालकाकडे पोचला नाही तर पगार सहाव्या करवर्गात कापला जातो, म्हणजे सगळ्यात जास्त. जादा कापलेलं नंतर परत मिळतं, पण पहिले दोन महिने भाडं भरायला हात तोकडा पडतो.